चांदी खरं बोलते, छाप नेहमीच नाही

धनत्रयोदशीला देव्हाऱ्यातून बाहेर निघणारा चांदीचा रुपया पुष्कळ घरांत असतो. कुणी त्याला राणीछाप म्हणतं, कुणी कलदार, कुणी नुसता बंदा रुपया. त्याच्याविषयी घरात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. हाच रुपया प्रकारवार संग्रहाची सुरुवात ठरू शकतो. प्रत्येक वेगळ्या छापाचा एक नमुना मिळवायचा, त्याचे नीट फोटो काढायचे आणि नोंद ठेवायची, एवढंच या छंदाचं स्वरूप. पण या वाटेवर एक गोष्ट लवकर ध्यानात येते. नाण्यावर लिहिलेलं साल, राजा, गाव यांपैकी काहीही खोटं असू शकतं आणि तरीही नाणं अस्सल असतं. म्हणून वाचण्याच्या आधी तोलायचं, मोजायचं आणि उजेडात फिरवून बघायचं.

गैरसमज: जुना चांदीचा रुपया म्हणजे घरात पडून असलेलं घबाड.

वस्तुस्थिती: १८३५ पासून कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होतं. जुन्या मापाने बरोबर एक तोळा. कस ९१.६७ टक्के. न झिजलेल्या रुपयात शुद्ध चांदी भरते साधारण १०.६९ ग्रॅम. पंचम जॉर्जचे १९१९ आणि १९२० सालचे रुपये इतके प्रचंड पाडले गेले, की झिजलेल्या नाण्याला चांदीच्या त्या दिवशीच्या भावाहून फारसं जास्त मिळत नाही. नाणं किती जुनं आहे यावर किंमत ठरत नाही. तशी किती उरली, कोणत्या अवस्थेत उरली आणि ती हवी असणारे किती, यावर ठरते.

या भाबडेपणावर फसवणुकीचा मोठा धंदा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांची खरेदी करू असं सांगून आधी शुल्क मागितलं जातं. आपण असला कोणताही व्यवहार करत नाही आणि असं शुल्कही घेत नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं. राम दरबार किंवा हनुमान असलेलं, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं नाणंही याच बाजारातलं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. ते तांदूळ ओढून घेतं ही तर निव्वळ ठकबाजी.

गैरसमज: संग्रह करायचा तर प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ हवी.

वस्तुस्थिती: तो सालवार संग्रह झाला. प्रकारवार संग्रहात छाप, धातू किंवा कड बदलली तरच नवं नाणं घ्यायचं. १८३५ ते १९४५ या काळातला चांदीचा रुपया घेतला, तर मुख्य प्रकार दहाच होतात. चौथा विल्यम (१८३५). व्हिक्टोरिया १८४०, ज्यात नावाची अक्षरं डोक्यावरून सलग जातात. पुन्हा व्हिक्टोरिया १८४०, पण अक्षरं डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेली. १८६२ ची मुकुटधारी ‘क्वीन’. १८७७ पासूनची ‘एम्प्रेस’. उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड. पंचम जॉर्ज १९११. पंचम जॉर्ज १९१२ आणि पुढचा. सहावा जॉर्ज जुन्या कसाचा. सहावा जॉर्ज निम्म्या कसाचा.

यातले बहुतेक नेहमीच्या बाजारात सापडतात. अडतं ते १९११ च्या नाण्यापाशी. राजाच्या झग्यावर मानचिन्हाची साखळी होती, तिच्यात एक हत्ती होता. कोरीव काम असं उतरलं की त्याची सोंड आखूड दिसली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली. पाडलेल्या रुपयांपैकी बहुतेक वितळवले गेले आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट असलेला हत्ती आला. व्यापारी आजही त्या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. सहाव्या जॉर्जच्या जुन्या कसाच्या रुपयात १९३९ साल दुर्मीळ आणि महाग. पण आपल्याला साल नको, प्रकार हवा आहे, म्हणून १९३८ चं नाणं चालतं. प्रकारवार संग्रहाचा हा मोठा दिलासा आहे.

गैरसमज: नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल.

वस्तुस्थिती: १८४० लिहिलेले रुपये १८६२ मध्ये नवा ठसा येईपर्यंत निघत राहिले. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं, पण कंपनीचं नाव वागवणारा रुपया त्यानंतरही टांकसाळीतून बाहेर पडत होता. १८६२ च्या रुपयाची गत तीच: ते साल १८७४ पर्यंत गोठून राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने मात्र यातून वाट काढली. सालाच्या आसपास बारीक ठिपके देऊन तिने खरं वर्ष सुचवलं. हे ठिपके नुसत्या डोळ्यांना कसेबसे दिसतात. फोटोत ते मोजता आले नाहीत तर तो फोटो १८६२ च्या रुपयाच्या कामाचा नाही.

गोठलेल्या सालाचा सगळ्यात नामांकित नमुना भारताबाहेरचा आहे. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा मोठा थालेर तिच्या मृत्यूनंतरही १७८० सालासहच पाडला जात राहिला, कारण तांबड्या समुद्राकाठचे व्यापारी दुसरा छाप घेत नसत. १९४० च्या सुमारास, महायुद्धाच्या काळात, हा थालेर मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. म्हणजे १७८० लिहिलेलं, व्हिएन्नाच्या राणीचं नाणं चक्क फोर्टातलं असू शकतं.

गैरसमज: फारसी अक्षरं दिसली की नाणं मोगलांचं.

वस्तुस्थिती: अठराव्या शतकात चांदीचा रुपया बहुधा बादशहाच्या नावाने निघाला तरच बाजारात चालायचा. त्यामुळे पेशवे, होळकर, शिंदे, कंपनी आणि फ्रेंच या सगळ्यांनी दिल्लीपतीचं नाव वापरलं. पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया शाहआलम बादशहाच्या नावाचा. त्यावर पुण्याचं नाव येतं ते ‘मुहियाबाद’. होळकरांच्या चांदवडी रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’, तर नाशिकच्या रुपयावर ‘गुलशनाबाद’. धनी ओळखायचा तो अक्षरांच्या फटीत बसवलेल्या लहान खुणेवरून. अंकुश दिसला तर पुण्याकडे बघायचं. अर्काटच्या नावाच्या रुपयावर चंद्रकोर असली तर ते काम पुदुच्चेरीच्या फ्रेंचांचं.

कंपनीची चलाखी याहून वरची होती. मुंबई इलाख्याच्या रुपयावर टांकसाळ ‘सुरत’ आणि बादशहाचं राज्यवर्ष ४६ असं कोरलेलं असायचं. हेच आकडे घेऊन ते रुपये मुंबईच्या टांकसाळीतून वर्षानुवर्षं निघाले. शाहआलम १८०६ मध्ये वारला, तरी १८३५ पर्यंत त्याचं नाव नाण्यावर नांदत होतं. या एका नाण्यावर राजा, गाव आणि साल तिन्ही नावापुरते आहेत, खरी आहे ती चांदी.

याच संदर्भात आणखी एक समजूत मोडायला हवी. शिवाजी महाराजांच्या चलनाची ओळख म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. ‘महाराजांचा चांदीचा रुपया’ म्हणून कुणी काही दाखवलं, तर खिशात हात घालण्याआधी जाणत्याला दाखवावं.

गैरसमज: एका प्रकाराचं एक नाणं मिळालं की तो प्रकार पूर्ण.

वस्तुस्थिती: यंत्राने पाडलेल्या रुपयापुरतं हे खरं. १८३५ नंतरचं नाणं पूर्ण गोल, पूर्ण छापाचं असतं. हातोड्याने पाडलेल्या मराठा रुपयाचं तसं नाही. तिथे ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. कारागिराने चकती जिथे ठेवली, तेवढाच भाग तिच्यावर उमटला. एका अंकुशी रुपयावर अंकुश स्पष्ट असतो पण बादशहाचं नाव कडेबाहेर गेलेलं असतं. दुसऱ्यावर नाव असतं आणि साल गायब. पूर्ण छाप एका नाण्यात क्वचितच भेटतो.

इथे फोटोचं खरं काम सुरू होतं. एकाच ठशाची तीन-चार नाणी एकाच उंचीवरून, एकाच मापात आणि एकाच उजेडात टिपली, तर ते फोटो एकमेकांवर ठेवून मूळ ठशाचा बराचसा मजकूर जुळवता येतो. यासाठी चारही नाणी विकत घ्यायला हवीत असं नाही. लिलावाच्या याद्या, वस्तुसंग्रहालयं आणि मित्रांचे संग्रह यांतून चांगले फोटो मिळतात. माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचा ग्रंथ, नाशिकजवळच्या अंजनेरीतली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय, हे महाराष्ट्रातल्या संग्राहकाला अगदी जवळचे आधार आहेत.

गैरसमज: राजाचं डोकं असलेला प्रत्येक रुपया सारख्याच चांदीचा.

वस्तुस्थिती: दुसऱ्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली आणि १९४० पासून रुपयाचा कस ५० टक्क्यांवर आला. उरलेल्या भागात तांबं, निकेल आणि जस्त. वजन आणि आकार तोच राहिला, म्हणून हातात घेऊन फरक कळत नाही. कड मात्र बदलली: दात्यांच्या मधोमध खाच आणि तिच्यात बारीक नक्षी आली, म्हणजे नकली नाणी करणं अवघड व्हावं. १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. त्यात चांदी अजिबात नाही.

मराठवाड्यातल्या घरांत हाली सिक्का निघतो. चारमिनार असलेल्या निजामी रुपयाचं वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कस ८१.८ टक्के. गोव्यात १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर आलेल्या १८८१ च्या ‘रुपिया’चं वजन आणि कस मात्र ब्रिटिश रुपयाइतकेच ठेवले गेले. तिन्ही नाणी शेजारी ठेवली की एकाच काळात किती तऱ्हेचे रुपये चालत होते ते समोर येतं.

कस घरीही अजमावता येतो. मिलिग्रॅमचा काटा लागत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान काटा पुरे. पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं सोडावं. दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ९१.६७ टक्के कसाच्या रुपयाला ती १०.३ च्या आसपास येते, ५० टक्क्यांच्या रुपयाला ९.५ च्या आसपास, आणि पितळ किंवा ‘जर्मन सिल्व्हर’ असेल तर ९ च्याही खाली. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, हे जाता जाता.

गैरसमज: खणखणीत वाजलं आणि लोहचुंबकाला चिकटलं नाही, की नाणं खरं.

वस्तुस्थिती: चुंबक फक्त लोखंडासारख्या धातूंची चोरी पकडतो. पितळ, तांबं, शिसं यांपैकी काहीही त्याला चिकटत नाही. उलट १९४७ चा अस्सल निकेल रुपया चिकटतो. आवाजाचंही तसंच. ओतीव नकली नाणं बहुधा बद्द वाजतं खरं, पण चांदीवरच ठसा मारून केलेली नक्कल अस्सलासारखीच वाजते आणि आतून तडकलेलं अस्सल नाणं बद्द वाजतं. शिवाय फरशीवर आपटून वाजवताना कडेला कायमचा खड्डा पडतो. वजन, व्यास, घनता, कड आणि अक्षरांची ठेवण या पाचही गोष्टी जुळल्या तरच विश्वास ठेवावा. साधारण साडेतीस मिलिमीटर व्यासाचा आणि ११.६६ ग्रॅमचा रुपया एखादा ग्रॅम हलका भरला आणि झिजलेला मात्र दिसत नसला, तर संशय घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

गैरसमज: टोचे मारलेलं नाणं खराब झालेलं.

वस्तुस्थिती: ते टोचे सराफांचे असतात. नाणं हातात आलं की सराफ त्याचा कस पाही, आपली खूण उमटवी आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा कापून घेई. अशा खुणा असलेला सुरती किंवा अर्काटी रुपया किती हातांतून फिरला याचा तो पुरावा आहे. दागिन्यासाठी पाडलेलं भोक किंवा डाख दिलेली कडी मात्र किंमत उतरवते. तरीही दुर्मीळ प्रकार परवडत नसेल तर असं नाणं जागा भरून काढायला उत्तम.

गैरसमज: फोटो काढण्याआधी नाणं लखलखीत हवं.

वस्तुस्थिती: या एका समजुतीने भट्टीपेक्षा जास्त नाणी बिघडवली असतील. चांदीवरचा काळपट, कधी निळसर-सोनेरी थर हा हवेतल्या गंधकाशी झालेल्या संयोगाचा असतो. तो वर्षानुवर्षं सावकाश चढतो आणि खालच्या छापाला सांभाळतो. दंतमंजन, राख, रांगोळी यांचे कण चांदीवर केसासारखे ओरखडे ओढतात. चिंच आणि लिंबू मिश्रधातूतलं तांबं खातात आणि पृष्ठभाग पांढरट, निस्तेज होतो. सोडा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचा उपाय काळेपणा घालवतो, पण त्याबरोबर नाण्याचा मूळ तजेलाही जातो. दर धनत्रयोदशीला घासलेला देव्हाऱ्यातला रुपया पूजेला योग्यच आहे. संग्रहासाठी दुसरा घ्यावा.

तेलकटपणा किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं थोडा वेळ बुडवावं, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावं आणि मऊ कापडाने टिपून घ्यावं, पुसू नये. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध असतात, तो वापरू नये. ॲसिटोन झटकन पेटतो, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅस बंद. हिरवा चिकटा येतो तो मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून, ती टाळावीत. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांतलं गंधकही चांदीला काळं करतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात.

गैरसमज: चांगल्या फोटोला महागडा कॅमेरा लागतो.

वस्तुस्थिती: लागतो तो उजेडाचा अभ्यास. आजचा साधा मोबाईलही पुरतो, मात्र तो हातात धरू नये. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर काच ठेवून त्यावर मोबाईल आडवा ठेवला, तर तो हलत नाही आणि नाण्याला समांतर राहतो. अगदी जवळ नेऊ नये, कारण त्याने नाणं वाकडं दिसतं आणि उजेडही अडतो. थोडं दूर ठेवून चित्र मोठं करावं. टायमर लावावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. फ्लॅश बंद.

नाण्याची वरची बाजू बारा मानली, तर दोन साधे दिवे दहा आणि दोनच्या जागी ठेवावेत. उजेड वरून आला की डोकं उठावदार दिसतं. खालून आला तर तेच खोलगट भासतं आणि डोळा फसतो. दिवा वर केला की चमक वाढते आणि ओरखडे लपतात. दिवा खाली आडवा आणला की झीज, टोचे आणि पुसट अक्षरं बाहेर येतात. म्हणून एका नाण्याचे दोन फोटो घ्यावेत, एक उभ्या उजेडाचा आणि एक आडव्या. चांदीचा रंग खरा यावा यासाठी करडा कागद खाली ठेवून त्यावरून पांढऱ्या रंगाचा मेळ साधावा. पांढऱ्या कागदावर चांदी काळी पडते आणि काळ्या कापडावर जास्त उजळ भासते.

गैरसमज: देखणा फोटो म्हणजे चांगला फोटो.

वस्तुस्थिती: मोबाईल आपणहून कडा धारदार करतो आणि सावल्या उजळतो. त्यामुळे झिजलेल्या व्हिक्टोरियाच्या केसांत नसलेल्या बटा दिसू लागतात. फिल्टर आणि आपोआप सुधारणा बंद ठेवाव्यात. संग्रहाचा फोटो हा नाण्याचा ओळखपत्री पुरावा असतो. चोरी झाली तर पोलिसांना, विकायचं झालं तर घेणाऱ्याला, आणि चाळीस वर्षांनी तुमच्या नातवाला हेच नाणं आहे हे त्यावरून ओळखू आलं पाहिजे. म्हणून दोन्ही बाजू, कड आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी असलेला एक फोटो, एवढं प्रत्येक नाण्याचं हवंच. १९४० चा रुपया कडेच्या फोटोशिवाय पुरा होत नाही.

गैरसमज: आपल्या घरचं नाणं, कुठेही नेलं तर कुणाला काय?

वस्तुस्थिती: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ही रेषा दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. पंचम जॉर्जचा १९२० चा रुपयाही आता तिच्या आत आला आहे. न्यू जर्सीतल्या मुलीला आजीचा राणीछाप भेट द्यायची इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिच्या सामानात तो ठेवू नये. फोटो खुशाल पाठवावेत. आणि घराचा पाया खणताना नाण्यांचं मडकं लागलं, तर १८७८ च्या गुप्तनिधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते.

शेवटचं काम वहीतलं आहे. प्रत्येक फोटोपुढे वजन, व्यास, घनता, कुठून घेतलं आणि पावती आहे की नाही, एवढं लिहून खाली दोन रकाने पाडावेत. पहिल्यात नाणं स्वतःविषयी काय सांगतं ते: ‘शाहआलम, सुरत, वर्ष ४६’. दुसऱ्यात ते खरोखर काय आहे ते: ‘कंपनी, मुंबई, १८३५ पूर्वी’. पहिला रकाना पाच मिनिटांत भरतो. दुसऱ्याला वाचन, तुलना आणि वेळ लागतो. तो रिकामा राहिला तर राहू द्यावा, अंदाजाने भरू नये. तोच ठसा दुसऱ्या एखाद्या नाण्यावर अधिक पूर्ण सापडला की भरता येतो.